कुलगुरू पाहायला सांगलीला

आमच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू निवृत्त झाले, तेव्हा निरोपसमारंभाची बातमी मीच लिहिली. एका दैनिकाच्या जिल्हा पानावर बरीच वर्षं काढून मी इथे जनसंपर्क अधिकारी म्हणून आलो होतो. अशा बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: नव्या कुलगुरूंची निवड होईपर्यंत अमुक प्राध्यापक प्रभारी कार्यभार सांभाळतील. हे वाक्य ज्यांच्याबद्दल होतं, त्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "होईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"दोन महिने," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आगाशीकडे त्यांची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी फुलं. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्यांना सवय आहे. मॅडमच्या खांद्यावर ठेवता येईना म्हणून त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला. "फार तर अडीच."

आमचं विद्यापीठ वसईत, गोखिवऱ्याच्या पुढे, कारखान्यांच्या शेडना लागून आहे. वालीवकडच्या एका कारखान्याचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा आमच्या सगळ्या वर्गांत ऐकू येतो, आणि प्राध्यापकांनी आपली व्याख्यानं त्या भोंग्यावर बेतून घेतली आहेत. मूळचं हे स्थानिक संस्थेचं महाविद्यालय. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर पाटी बदलली, फाटकावर नवी कमान आली. विश्वस्त आणि चहावाला तेच राहिले.

मॅडमना कुलगुरुपद नको होतं, आणि ही नम्रता नव्हती. त्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातल्या. शेतकऱ्याच्या घरातल्या, सरळ बोलणाऱ्या. दिवाळीनंतर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन त्या खाडीवर जात आणि ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, शिकवत. हा विषय त्यांनीच सुरू केला होता आणि दुसरं कोणी तो शिकवू शकत नव्हतं. एक वर्ष बंद पडला असता तर अभ्यासक्रमातून गेला असता. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही थंडी त्यांची शेवटची.

"मग खाडीवर जा की," मी एकदा म्हणालो.

"भाऊंना विचारा."

मी विचारलं. भाऊ म्हणाले, "कुलगुरू चिखलात? पातळ खोचून? लोक काय म्हणतील?"

दिवाळीच्या आत नवा कुलगुरू मिळाला तरच मॅडम खाडीवर जाणार होत्या. दर सोमवारी त्या माझ्या टेबलाशी थांबून विचारायच्या, "काही हालचाल?"

हालचाल होती. शोध समिती नेमली गेली होती. अध्यक्ष भाऊ. दुसरे आमचे खजिनदार, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी मॅडमना शाळेत शिकवलं होतं आणि अजून ते त्यांना अगं-तुगं करतात. तिसऱ्या विश्वस्त काकू. वसई ते विरार पट्ट्यातली निम्मी लग्नं आपण जमवली असं त्या म्हणतात, आणि ते कोणी खोडून काढलेलं नाही. चौथे बाहेरचे तज्ज्ञ. ते कायम पडद्यावर असायचे आणि त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या घरातला पंखा जास्त दिसायचा.

आमच्या संस्थेत माणूस घेण्याची एक पद्धत आहे. अर्ज, प्रमाणपत्रं, मुलाखत हे सगळं होतं, पण त्याआधी चौकशी होते. संस्थेतलं कोणीतरी उमेदवाराच्या राहत्या भागात जातं, वाण्याच्या दुकानाशी, देवळापाशी किंवा चर्चच्या आवारात उभं राहतं आणि विचारतं: कसे आहेत हो स्वभावाने? ग्रंथपालापासून प्राचार्यांपर्यंत सगळे असेच आले. मुलगी देताना करतात तशीच ही चौकशी, आणि करणाऱ्या बहुतेक वेळा काकूच. त्यांचे प्रश्न ठरलेले. वॉचमनशी कसे बोलतात? भाजी कोण आणतं? बायकोला चारचौघांत हाक कशी मारतात?

"कुलगुरूंनाही हेच लावायचं?" मी विचारलं.

"कुलगुरू काय आभाळातून पडतो?" काकू म्हणाल्या.

पहिला उमेदवार याच चौकशीत गेला. आम्ही येऊन गेल्याचं त्याच्या संस्थेला कळलं, हा माणूस सोडून चाललाय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याला तिथेच वरची जागा दिली. आमच्यामुळे त्याचं भलं झालं. मॅडमना मी हे सोमवारी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. आता माझं कधी?"

दुसरे उमेदवार सांगलीचे गणिताचे प्राध्यापक. कागदावर ते सगळ्यांत उजवे होते. मुलाखतीची पत्रं जाईपर्यंत कोणाचं नाव निवडलंय हे गुप्त ठेवायचं असा समितीचा नियम होता, आणि तज्ज्ञांनी पडद्यावरून तो दोनदा बजावला होता. तेव्हा सांगलीला गुपचूप जायचं ठरलं. भाऊंची गाडी, मागे सर आणि काकू, पुढे मी. मला न्यायचं कारण भाऊंनी सांगितलं: "तुम्ही पेपरवाले. तुम्हाला चौकशी येते." काकूंनी सोबत आगाशीच्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेतला होता. कोणासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. रिकाम्या हाताने परगावी जायचं नाही, एवढंच.

प्राध्यापकांच्या कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. काकूंनी शंभर ग्रॅम वेलची घेतली आणि सुरुवात केली. गणिताचे सर कसे आहेत? घरात कोण कोण? दुकानदाराने आमच्याकडे नीट पाहिलं. परगावची गाडी, वयस्कर बाई, हातात पुडा, सोबत दोन पोक्त पुरुष. त्याने काय तो निष्कर्ष काढला आणि आम्ही वेलचीचे पैसे देत असताना आत जाऊन फोन केला.

आम्ही गल्लीत पोहोचलो तर एक बाई फाटक उघडून उभ्या होत्या.

"या ना! रस्त्यात काय उभे? आमच्या मुलीसाठीच आलात ना?"

सर भाऊंकडे बघू लागले. भाऊ माझ्याकडे. मी रस्त्याकडे. नाही म्हणावं तर कशासाठी आलो ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं नव्हतं.

"हो," काकू म्हणाल्या.

पोहे आले. भरपूर शेंगदाणे, वर शेव. सुकेळ्यांचा पुडा आत गेला. मुलगी बाहेर आली. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती, सुट्टीला घरी आलेली. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि तिने विचारलं, "मुलगा कुठाय?"

"पुण्याला," काकू म्हणाल्या. सरांना ठसका लागला.

"आणि हे कोण?" मुलीने माझ्याकडे बोट केलं.

"हे आमच्याकडचे. लिहायला."

"लिहायला?"

"आम्ही सगळं लिहून ठेवतो," काकू म्हणाल्या. मी वही खिशात घातली.

तेवढ्यात प्राध्यापक कॉलेजातून स्कूटरवर आले. पाहुणे बघून त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही, दुकानदाराने त्यांनाही फोन केला असावा. त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या, आमच्या इतस्ततः पडलेल्या होत्या त्या पायाने सरळ केल्या, बायकोला हळूच नावाने हाक मारून पाणी मागितलं आणि ते बसले.

"कुठून आलात?"

"वसई," भाऊ म्हणाले आणि चूक झाल्याचं त्यांचं त्यांनाच कळलं.

"वसई! मी तिथे अर्ज केलाय. नवीन विद्यापीठ आहे ना, कारखान्यांच्या बाजूला?"

"असेल."

"तुम्हाला माहीत नाही?"

"येता-जाता कमान दिसते," भाऊ म्हणाले. त्या कमानीचं चित्र भाऊंनी स्वतः काढून दिलं होतं.

"लोक काय म्हणतात?"

"अध्यक्ष जरा फार बोलतात म्हणे," काकू म्हणाल्या.

"माणूस चांगला आहे पण," भाऊ घाईने म्हणाले. "मनाने मोठा."

"ग्रंथालय गळतं," सर म्हणाले. सरांना खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसणंही जमत नाही. "किती वेळा सांगितलं मी... म्हणजे, लोकांनी सांगितलं. मीटिंगमध्ये. असं कानावर आलंय."

"आणि शिकवतात कसं?"

या प्रश्नाची तयारी कोणाचीच नव्हती. सरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि ते म्हणाले, "एक बाई आहे. मुलांना खाडीवर नेते. चिखलात उभी राहून शिकवते. माझी विद्यार्थिनी... म्हणजे माझ्या ओळखीच्यांची विद्यार्थिनी. आता तिला खुर्चीत बसवलंय. तिची मुलं वाट बघतायत."

प्राध्यापकांनी हे लक्ष देऊन ऐकलं. मग हसले. "माफ करा, पण तुम्ही मुलाबद्दल एक वाक्य बोललात आणि विद्यापीठाबद्दल अर्धा तास."

"मुलगा शांत आहे," काकू म्हणाल्या. "त्याच्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही."

परतीच्या वाटेवर एकमत झालं. माणूस हाच. चपला सरळ करतो, बायकोला नीट हाक मारतो, नेमकं विचारतो. तज्ज्ञांना फोन करून मुलाखतीची तारीख धरायचं ठरलं. भाऊ खूश होते. घाट उतरेपर्यंत ते गात होते.

"आणि मुलीचं काय?" काकू म्हणाल्या.

"काय म्हणजे? ते आपलं असंच."

"असंच कसं? त्या घरात पोहे खाल्लेत. मुलगा पुण्याला आहे म्हणून सांगितलंय मी. आता मुलगा लागेल."

"काकू, असा मुलगा नाहीच!"

"तुमच्या बहिणीचा आहे की. पुण्याला. तिशी उलटली. आजपर्यंत दाखवलेल्या प्रत्येक मुलीला नाही म्हणाला. हिलाही नाही म्हणेल, विषय संपेल. पण आपला शब्द राहील."

भाऊंना हे पटलं. त्यांच्या घराण्यात किनारपट्टीबाहेरची सून आजवर आली नव्हती, त्यामुळे भाचा नाही म्हणणार याची त्यांना खात्री होती. काकूंनी रात्री भाच्याचा फोटो आणि घरची माहिती सांगलीला पाठवली.

सोमवारी मॅडमना मी सगळं सांगितलं, पोह्यांसकट. त्या कपाळाला हात लावून हसल्या. मग म्हणाल्या, "ते सोडा. दिवाळीच्या आत येतील?"

"येतील."

"मग मी मुलांना गमबूट आणायला सांगते."

मुलाखतीच्या दिवशी मी नोंदी घ्यायला कोपऱ्यात होतो. मॅडम शेजारच्या खोलीत थांबल्या होत्या. निवड झाली की लगेच कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्का द्यायचा म्हणून दोन्ही त्यांनी पिशवीत घालून आणले होते.

प्राध्यापक आत आले. टेबलामागे भाऊ, सर, काकू. कोपऱ्यात वही घेऊन मी. ते दारातच थांबले आणि त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहायला."

मी मान हलवली.

"बसा ना," भाऊ म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पडद्यावरून तज्ज्ञ म्हणाले, "आपली पूर्वओळख आहे का?"

"पोह्यांपुरती," प्राध्यापक म्हणाले आणि बसले. रागावलेले दिसत नव्हते. भाऊंकडे वळून म्हणाले, "ग्रंथालय अजून गळतं?"

"गळतं," सर म्हणाले.

मुलाखत सुरू करण्यापूर्वी एक औपचारिकता असते. उमेदवाराशी आपलं नातं नाही, असं प्रत्येक सदस्याने सांगायचं असतं. सरांनी सांगितलं. काकूंनी सांगितलं. भाऊंनी तोंड उघडलं तेवढ्यात प्राध्यापकांनी हात वर केला.

"एक मिनिट. तुमच्याकडून आलेल्या माहितीत मुलाचे मामा म्हणून जे लिहिलंय, ते तुम्हीच ना?"

"हो, पण ते काही नाही. आमचा भाचा कोणालाच हो म्हणत नाही."

"तुम्हाला घरून कळलं नाही? तुमचा मान ठेवायला म्हणून ते दोघं एकदा भेटले. मग आपले आपण भेटत राहिले. काल रात्री मुलीने आम्हाला सांगितलं. होकार आहे."

"कोणाचा?"

"दोघांचा."

भाऊ उठले. टेबलाला वळसा घालून गेले आणि त्यांनी प्राध्यापकांना मिठी मारली. काकू डोळे पुसत पर्समधून सुकेळी काढू लागल्या. त्यांच्या पर्समध्ये ती असतातच. पडद्यावरचे तज्ज्ञ "हे नोंदीत कसं घ्यायचं?" असं विचारत होते, पण त्याच वेळी वालीवचा भोंगा झाला आणि त्यांचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही.

भोंगा थांबल्यावर सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं.

"मी बाजूला होतो," भाऊ म्हणाले. "माझ्या जागी दुसरा विश्वस्त बसवू."

"कोणता?" सरांनी विचारलं. "एक मुलाचा चुलता. एक आत्याचा नवरा. तिसऱ्याची सून मुलाची बहीण."

आमच्या संस्थेत नात्यात नसलेला विश्वस्त शोधणं हे कुलगुरू शोधण्यापेक्षा अवघड काम आहे. तो प्रश्न प्राध्यापकांनीच सोडवला. "मी अर्ज मागे घेतो," ते म्हणाले. "मुलीच्या मामेसासऱ्यांकडे दर महिन्याला अहवाल घेऊन यायचं, त्यांनी त्यात चूक काढायची आणि दिवाळीला मी त्यांना पोशाख द्यायचा. हे मला झेपणार नाही. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची. हे नातं त्यापेक्षा टिकावं अशी इच्छा आहे."

"टिकणारच!" भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

शेजारच्या खोलीत मॅडमनी ते हसणं ऐकलं. दार उघडून त्या आत आल्या. हातात पिशवी, चेहरा उजळलेला. "अभिनंदन!"

"अभिनंदन," भाऊ म्हणाले. "लग्न ठरलं."

मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. "आणि कुलगुरू?"

काकूंनी सुकेळं पुढे केलं.

"तू जरा बस गं," सर म्हणाले.

"नाही सर, मी उभीच बरी." पिशवी टेबलावर ठेवताना आतल्या किल्ल्या वाजल्या. "भाऊ, दिवाळीनंतर मी खाडीवर जाणार आहे."

"मॅडम, पण प्रभारी असताना... लोक काय..."

"सांगलीला पोहे खाताना लोकांना विचारलं होतंत?"

भाऊ गप्प झाले. हे मी इथे नोंदवतो, कारण पुन्हा ते बघायला मिळालेलं नाही.

"पण सह्या?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "रोजच्या फायली?"

"बांधावर आणा. ओहोटी असेल तोवर मी चिखलात, भरतीला ऑफिसात. खाडीचं वेळापत्रक मी लावून देते."

भाऊंनी नाही म्हणायला मान हलवायला सुरुवात केली. तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "खाडीवर नेतात त्या बाई ह्याच का?" सरांनी मान डोलावली. "मग माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर आहे."

कोणी मत विचारलं नव्हतं. पण ते मुलीचे वडील होते, नातं जुळून पुरती पाच मिनिटं झाली नव्हती, आणि त्यांचा हा पहिलाच शब्द होता. तो मोडणं आमच्या भागात शक्य नसतं. भाऊंची अर्धी हललेली मान तिथेच थांबली आणि मग हळूहळू खाली-वर झाली.

थंडीत विद्यापीठाचं कुलगुरू कार्यालय आठवड्यातले काही तास मिठागराच्या बांधावर भरत असे. एक प्लास्टिकची पांढरी खुर्ची, तिच्यावर शिक्का, शाईचं पॅड आणि फायली उडू नयेत म्हणून एक वीट. त्या खुर्चीत मॅडम कधी बसल्या नाहीत. त्या खाली मुलांमध्ये असत. तिवरांची मुळं चिखलातून श्वास घ्यायला वर कशी येतात हे दाखवत, आणि हाक आली की बांधापर्यंत येऊन, हात पुसून सही करत. त्या वर्षी विषयाला पूर्वी कधी नव्हती इतकी मुलं आली. कुलगुरूंना चिखलात उभं बघायला मिळतं हे त्यामागचं कारण असावं, असं मॅडम म्हणायच्या.

कुलगुरुपदाची जाहिरात पुन्हा निघाली. या वेळी चौकशी करायची नाही, असा ठराव झाला. काकूंनी त्याला विरोध नोंदवला.

लग्नाच्या आधी प्राध्यापक पत्रिका द्यायला आले, तेव्हा त्यांनी खाडी बघायची म्हटलं. भाऊंना सहीसाठी एक फाईल न्यायचीच होती. मीही गेलो. बांधावर पोहोचल्यावर प्राध्यापकांनी त्या खुर्चीकडे बोट केलं. "मला मिळणार होती ती हीच?"

"हीच," भाऊ म्हणाले.

प्राध्यापकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढून जोडीने बांधावर ठेवल्या आणि ते खाली उतरले. मॅडमनी त्यांना एका मुळाशी उभं केलं आणि मुलांना सांगायचं तेच सुरुवातीपासून सांगू लागल्या. भाऊ वर फाईल धरून उभे होते. मध्ये एकदा त्यांनी हाक मारली. "आत्ता नाही," खालून मॅडम म्हणाल्या. "हे संपू दे."

भाऊ थांबले. मिठागरावरचा माणूस पलीकडून येत होता. त्याने खाडीकडे बघितलं, मग भाऊंकडे.

"ओ शेठ, पानी चढतंय. ती खुर्ची उचला."

"मॅडम!" भाऊ ओरडले. "पाणी येतंय!"

"माहीत आहे. पाच मिनिटं आहेत अजून."

भाऊंनी आजूबाजूला पाहिलं. मी वही काढली होती, त्यामुळे माझे हात मोकळे नव्हते. त्यांनी फाईल काखेत मारली, शिक्का खिशात टाकला, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि बांधावरून रस्त्याच्या दिशेने चालू लागले. थोडं पुढे जाऊन ते वळले आणि चारही पाय आभाळाकडे केलेल्या त्या खुर्चीखालून त्यांनी विचारलं, "मॅडम, उद्या किती वाजता आणू?"